कंसातला गोब्रा

घरत सरांची नक्कल आमच्या कॉलेजात सगळेच करायचे. शिपाई करायचा, लायब्ररीतल्या मॅडम करायच्या, प्रिन्सिपॉलसुद्धा केबिनचं दार लावून करायचे. (प्रिन्सिपॉलचं मी पाह्यलेलं नाही, मला सांगितलंय. म्हणून कंसात. का ते पुढे येईलच.)

नक्कल सोपी होती. चष्मा कपाळावर ढकलायचा, डावा हात पाठीमागे न्यायचा, आणि समोरच्यानं काहीही सांगितलं की मान तिरकी करून विचारायचं, "पाह्यलंस, का सांगितलं?"

काहीही म्हणजे काहीही. कॅन्टीनचे वडे संपले म्हटलं तरी हेच. चौथ्या तासाला पोरं नाहीत म्हटलं तरी हेच. उरणहून सुनेच्या भावाचा फोन आला की सर, तुम्ही आजोबा झालात, तर सरांनी त्याला विचारलं, "पाह्यलंस, का सांगितलं?" तो बिचारा बाहेर व्हरांड्यात उभा होता, त्याला नर्सनं सांगितलं होतं. सर मुरुडहून एसटीनं उरणला गेले, नातू पाह्यला, परत आले, आणि तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पेढ्यांना तोपर्यंत जरा वास येत होता. पण बातमी पक्की होती.

मी रोह्याची. प्राणिशास्त्र शिकवायला तासांवर लागले होते. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये टेबलावर चढून नक्कल केली. सगळे हसले, मग एकदम कोणीच हसेना. मागे सर उभे.

सर शांतपणे म्हणाले, "आवाज बरोबर आहे. हातही बरोबर. पण तू जोर 'पाह्यलंस'वर देतेस. मी 'का'वर देतो. पुन्हा कर."

मी टेबलावरूनच पुन्हा केली.

"आता छापायला हरकत नाही," म्हणाले, आणि मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले.

ही खोली म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची, जिथे बाटल्यांमध्ये मासे, खेकडे आणि एक कोणीतरी अजून नाव न दिलेला प्राणी वर्षानुवर्षं राहात होते. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खोली सोडली नव्हती, कारण तिथून 'कोकण सागरजीव पत्रिका' निघायची. तीन महिन्यांनी एक अंक. लेख इंग्रजीत, शेवटी मराठीत सारांश. आपल्या किनाऱ्यावर कुठला जीव कुठे सापडला, एवढाच विषय. संपादक घरत सर, सहसंपादक घरत सर, आणि पाकिटांवर पत्ते लिहिणारेही घरत सर.

"नक्कल जमते म्हणजे लक्ष असतं," सर म्हणाले. "उद्यापासून तू मुद्रितं तपास."

त्या पत्रिकेला सगळे नुसतं 'पत्रिका' म्हणायचे, आणि तिथेच अर्धा घोळ व्हायचा. पोस्टातला माणूस दर वेळी गठ्ठा बघून विचारायचा, "सर, कुणाचं लगीन?" शिवाय छापखानाही तोच, जिथे खऱ्या पत्रिका छापतात. त्यामुळे लग्नसराईत आमचा अंक मागे पडायचा. मे महिन्याचा अंक मे महिन्यात निघालेला कोणी पाह्यलेला नाही, आणि कोणी सांगितलेलाही नाही.

एका वर्षी छापखान्यात पानांचे फर्मे मिसळले. चिखलातल्या खेकड्याच्या प्रजननावर एक गंभीर लेख होता. त्याच्या शेवटच्या पानावर निष्कर्षाच्या खाली छापून आलं: 'तरी लहान-मोठ्यांनी सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे.' त्याखाली चि. आणि चि. सौ. कां., मुहूर्त, आणि अमक्या मामांचा 'आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं'. अंक पोस्टातून गेलेले.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. सरांनी गुलाबी कागदाची चिठ्ठी छापली. 'शुद्धिपत्र. पान बेचाळीसवरील विवाहाशी संपादकांचा व खेकड्यांचा संबंध नाही.' ती सगळ्या वर्गणीदारांना पोस्टानं पाठवली. पण लोक चिठ्ठ्या चिकटवत नाहीत हे त्यांना माहीत होतं. म्हणून शबनममध्ये डिंकाची बाटली टाकून निघाले. अलिबाग, पेण, महाड, जिथे जिथे एसटी जाते आणि कॉलेज आहे, तिथे लायब्ररीत जाऊन स्वतः चिठ्ठी चिकटवून आले. एका लायब्ररीयननं विचारलं, "सर, एवढ्यासाठी आलात?"

"चूक जिथवर पोचली, तिथवर दुरुस्ती पोचायला नको?" सर म्हणाले, आणि डिंक वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले.

गुलाबी चिठ्ठी हा पत्रिकेचा ट्रेडमार्कच झाला. प्रत्येक अंकात मागच्या अंकाची एक तरी. लेखकांना त्यांचा धाक होता. कोणी लिहिलं की अमका शिंपला रेवदंड्याला आढळतो, की सरांचं पोस्टकार्ड जायचं. 'आढळतो म्हणजे आपण पाहिलात, की आपणांस सांगण्यात आले? सांगण्यात आले असल्यास कंसात तसे लिहावे.' सगळ्या पत्रिकेत कंसच कंस. (सांगितल्याप्रमाणे.) (कोळी बांधवांच्या सांगण्यानुसार.) एका लेखकानं वैतागून कळवलं, 'माझे नाव माझ्या आईवडिलांनी मला सांगितले आहे, तेही कंसात टाकावे काय?' सरांनी टाकलं.

मग ऑनलाइनचं आलं.

वरून पत्र आलं की यापुढे ज्या नियतकालिकाला वेबसाइट नाही, जुने अंक नेटवर नाहीत, प्रत्येक लेखाला नंबर नाही, ते मान्यतेच्या यादीतून बाहेर. यादीतून बाहेर म्हणजे तिथे लेख छापून प्राध्यापकाला बढतीचे गुण नाहीत. गुण नाहीत म्हणजे कोण कशाला लेख पाठवेल? सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा खाली घेतला. चष्मा खाली म्हणजे प्रकरण गंभीर.

"म्हणजे बंद पडेल," म्हणाले. घाईत किंवा रागात असले की सर त्यांच्या मिठागरावरच्या बोलीत जायचे. "न्हाय पडू देयाची."

आम्ही दोघं कामाला लागलो. मी एकेक पान स्कॅन करायची, सर शेजारी बसून वारा घालायचे, स्कॅनरला. पनवेलचा एक वेबसाइटवाला धरला. त्याला सर फोनवर म्हणाले, शुद्धिपत्रं गुलाबीच दिसली पाहिजेत. तो म्हणाला, सर, पिंक प्रोफेशनल वाटत नाही. सरांनी त्याला कुरियरनं गुलाबी कागदाचा तुकडा पाठवला. 'रंग यासारखा असावा.'

साइट सुरू झाली. पहिले काही महिने सरांना ती आवडली नाही, कारण तिला वास नव्हता. मग वेबसाइटवाल्यानं त्यांना दाखवलं की कुठला लेख किती जणांनी उघडला ते कळतं. सर रोज सकाळी येऊन आकडा बघायला लागले. सगळ्यात जास्त उघडलेला लेख सरांचाच होता. तरुणपणी लिहिलेला, पत्रिकेच्या अगदी सुरुवातीच्या अंकातला: निळ्या ठिपक्यांच्या एका गोब्र्याची राजपुरी खाडीतली पहिली नोंद. तो मासा पार दक्षिणेकडचा. इथे सापडला म्हणून तेव्हा गाजला होता. त्याच्यावर सरांचा सत्कार झाला, प्रमाणपत्र फ्रेम करून प्रयोगशाळेत लावलं होतं, आणि त्याच्याखालीच बाटलीत तो गोब्रा, तोंड उघडं, जणू सत्काराला उत्तर देतोय.

मान्यतेचा अर्ज भरायच्या आठवड्यातच केरळहून एका संशोधक बाईंचा मेल आला. अतिशय नम्र. आपला लेख नेटवर वाचला, त्याच्या भरवशावर मी राजपुरी खाडीत तीन आठवडे होडीतून फिरले, एकही गोब्रा तसला मिळाला नाही, मच्छीमार म्हणतात असला इथे कधीच नव्हता. आपला नमुना नेमका कुठे मिळाला, कळवाल का?

मी मेल मोठ्यानं वाचला. सर उठले, कपाटातून जुन्या वह्यांतली एक वही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'गोब्रा, एक. मुरुड बाजार, पारूबाई. ठिकाण: राजपुरी खाडी (सांगितल्याप्रमाणे).'

मी स्क्रीनवरचा लेख बघितला. तिथे लिहिलं होतं: ठिकाण, राजपुरी खाडी. पुढे पूर्णविराम.

"सर, कंस?"

"मी काढला," सर म्हणाले. "नवीन होतो. कंस बरा दिसत नव्हता."

म्हणजे माणूस आयुष्यभर लोकांना जे विचारत होता, ते स्वतःला एकदा विचारायचं राहिलेलं. गंभीर प्रसंगी माझं डोकं चालत नाही, फक्त तोंड चालतं. म्हटलं, "सर, लेख साइटवरनं काढूनच टाकते. एक बटण आहे. कुणाला कळणार नाही."

"ज्यांनी वाचला त्यांचं काय? ती बाई तीन आठवडे होडीत बसली." मग वही मिटली. "बाजारात चल."

पारूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिच्या जागेवर आता तिची मुलगी यमुना बसते. सुरमई, बांगडे, पुढ्यात सुरा, आणि गिऱ्हाईकाला एका नजरेत ओळखणारी. सर तिच्याकडूनच मासे घ्यायचे.

"मास्तर, या. बांगडा बघा, आत्ताच आलाय."

"यमुनाबाय, जुनी गोष्ट विचारायची हाय. तुझ्या आयशीनं मला एक गोब्रा दिला होता. निळे ठिपके. खाडीतला म्हणाली होती."

यमुनानं सुरा खाली ठेवला. "तो होय! तो कसला खाडीतला! बर्फाचा व्हता. कारवारकडनं टेम्पो आलेला."

"पाह्यलंस, का सांगितलं?"

"पाह्यलं म्हंजे? बर्फ म्याच फोडला. हाताला फोड आलेले."

"मग आय खाडीतला का म्हणाली?"

यमुनानं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांकडे बघतो. "मास्तर, पावसाळा व्हता. नारळी पुनव व्हायची व्हती. होड्या सगळ्या वर ओढलेल्या. समुद्रातला म्हनली असती तर तुमी इश्वास ठेवला असता?"

"नसता."

"म्हनून खाडीतला."

शास्त्रात इतकं सरळ कारण क्वचित सापडतं. सरांनी खिशातून छोटी वही काढली. "यमुनाबाय, हे छापायचं हाय. चूक दुरुस्त करायची. तुझं नाव घालू? तू डोळ्यांनी पाह्यलंय."

तेव्हा ती बिथरली. "बर्फाचा व्हता असं छापनार? मेलेल्या मानसाला नावं ठेवनार? नि उद्या गिराईक येऊन मलाच म्हनंल, ही बर्फाचा इकते!"

"बर्फाचा होता असं तूच म्हणालीस."

"तुमाला म्हनले. छापखान्याला न्हाय म्हनले."

शेजारची कोळीण मध्ये पडली, "यमे, नेटवर येनार हाय, जगात दिसंल."

"म्हनूनच तं!"

आजूबाजूला दहा-बारा माणसं जमली. सरांना घाम आला. घासाघीस सुरू झाली, आणि मी बाजारात माशांवर पुष्कळ घासाघीस पाह्यली आहे, पण शब्दांवर ही पहिलीच. सर म्हणाले, जुना लिहू? नको. बाहेरचा? नको, ते चोरीचं वाटतं. शेवटी यमुनाच म्हणाली, "ताजा लिवा. ताजाच व्हता तो. लांबचा व्हता एवढंच. ताजा लिवा, मग माझं नाव लिवा, आयचं बी लिवा."

"ताजा, पण लांबचा," सरांनी वहीत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"आता कसं," ती म्हणाली. "बांगडा देऊ?"

प्रिन्सिपॉलना हे कळलं (मीच सांगितलं) तेव्हा त्यांनी सरांना बोलावलं. मी फायली घेऊन गेले होते, म्हणून हे पाह्यलेलं आहे.

"सर, तुमचा आदर आहे. पण अर्ज या आठवड्यात जायचाय. त्यात रकाना आहे, मागे घेतलेले लेख. तुम्ही तिथे संपादकाचाच लेख लिहिणार? यादीत घेतील का? मान्यता मिळू दे, मग टाका तुमचं शुद्धिपत्र. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे."

सर म्हणाले, "मग मान्यता कुणाला मिळाली म्हणायची?"

"आणि पुरावा काय, तर मासळी बाजारातली बाई! परीक्षक हसतील."

"ती प्रत्यक्षदर्शी आहे," सर म्हणाले. "मी नव्हतो."

खोलीत आल्यावर सर खुर्चीत बसले. पत्रिका गेली तर जाईल, हे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, पण चष्मा खाली होता. मग म्हणाले, "टाइप कर."

त्या संध्याकाळी साइटवर शुद्धिपत्र चढलं. लेख तसाच ठेवला, वाचता येईल असा, आणि त्याच्यावरून आडवी गुलाबी पट्टी. इंग्रजीत सगळं सविस्तर, आणि खाली मराठी सारांश: 'सदर नमुना राजपुरी खाडीतील नाही. तो ताजा होता, पण लांबचा होता (प्रत्यक्षदर्शी: यमुना, मासेविक्रेती, मुरुड; विक्रेती: कै. पारूबाई). मूळ टिपणातील कंस संपादकाने स्वतः काढला होता.' शेवटचं वाक्य मी दोनदा टाइप करताना गाळून बघितलं. दोन्ही वेळा सरांनी बोट ठेवलं.

अर्जातल्या रकान्यात सरांनी आपल्याच लेखाचं नाव घातलं. भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं. तिथे चौकोनी पांढरा डाग राहिला. गोब्रा तसाच खाली तोंड उघडून होता, आता उत्तर द्यायला सत्कार नव्हता. बाटलीवर सरांनी नवीन लेबल लावलं.

त्याची किंमतही लागली. एका कॉलेजच्या परिसंवादाचे सर प्रमुख पाहुणे होते. आठवड्याभरात दुसरी निमंत्रण पत्रिका आली, तीत प्रमुख पाहुणे दुसरेच. पोस्टातला माणूस म्हणाला, "सर, पत्रिका आली!" सर म्हणाले, "हो, यावेळी खरंच पत्रिका आहे."

सर रोज येऊन आकडा बघत राहिले. गुलाबी पट्टीचा लेख पहिल्यापेक्षा जास्त उघडला जात होता. लोक हसायला येत होते की वाचायला, ते आकड्यावरून कळत नाही. केरळच्या बाईंनी मात्र लिहिलं की मी माझ्या लेखात आपल्या शुद्धिपत्राचा संदर्भ दिलाय, आणि खाली आभारात यमुना, मुरुड.

मान्यतेचं पत्र आलं ते पावसाळा संपता संपता. मिळाली होती. गोब्र्याबद्दल अवाक्षर नव्हतं, कोणी वाचलं होतं की नाही देव जाणे. प्रिन्सिपॉलनी पेढे मागवले. सरांनी पत्र नीट वाचलं आणि मान तिरकी केली. पत्रात संपादकाचं नाव 'डॉ. खरात' पडलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे मान्यता देणाऱ्या मंडळाला गुलाबी कागदावर कळवलं.

त्यानंतर सरांनी पत्रिका माझ्याकडे दिली आणि उरणला मुलाकडे जायचं ठरवलं. गुडघे दुखत होते. जायच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला निघाले, तर म्हणाले, आधी बाजार.

यमुनेला सरांनी माझ्या मोबाइलवर ते पान दाखवलं. तिनं गुलाबी पट्टीवर बोट ठेवलं. बोटाला माशाचा खवला होता, तो स्क्रीनला चिकटला.

"ताजा लिवलंय ना?"

"लिवलंय. हे बघ, हे तुझं नाव. हे आयशीचं."

ती थोडा वेळ आईच्या नावाकडे बघत राहिली. मग पाटीतून एक मोठा गोब्रा उचलला आणि पिशवीत घालून सरांच्या हातात दिला. "सुनेला द्या. खाडीतला हाय."

मी सरांकडे बघितलं. शेजारच्या कोळणीनं बघितलं. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला, डावा हात मागे नेला, मान तिरकी केली.

"पाह्यलंस, का सांगितलं?"

यमुनानं पदरानं हात पुसले. "सांगितलं," म्हणाली. "घ्यायचा तर घ्या."

सर हसले. त्यांना हसताना मी तेवढंच पाह्यलंय. पिशवी मनगटाला अडकवली, खिशातून वही काढली आणि गर्दीत उभ्या उभ्या लिहिलं: गोब्रा, एक. मुरुड बाजार. राजपुरी खाडी. मग कंस उघडला, आत काय ते लिहिलं, आणि कंस नीट बंद करूनच एसटीकडे वळले.